एका दाराचा कारभार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चरोदा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे रसाळ विषय इतर वक्त्यांच्या वाट्याला आले आणि आमच्या वाट्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय आला, याचे आपणांस जितके नवल वाटत असेल त्याहून अधिक आम्हांस वाटते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींच्या सहवासात केस पांढरे केलेले. संगणकाशी आमचा संबंध कामापुरता. तथापि, स्मरणिकेच्या तयारीत आमच्या समितीच्या हातून एक मोठी चूक घडता घडता राहिली. त्यानंतर आम्ही जी व्यवस्था बसवली तिची हकिकत सर्व सभासदांसमोर ठेवावी, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. तो आम्ही मोडू शकलो नाही. कारण ज्या नोंदवह्यांच्या बाबतीत आमच्याकडून हयगय झाली, त्या आपल्या सर्वांच्या आहेत.

मंडळाचे पन्नास वर्षांचे दप्तर म्हणजे मुख्यतः पाच प्रकारचे कागद : सभासदांची नोंदवही, ग्रंथालयाची पुस्तकयादी, सभांची इतिवृत्ते, वधूवर-सूचक केंद्राची वही आणि साहाय्य निधीची वही. सुट्टीत घरी आलेल्या आपल्याच मुलांनी मोठ्या हौसेने या सर्वांची पाने टिपून संगणकावर चढवली. पुढे ती मुले आपापल्या नोकरीच्या गावी परतली. एक पुण्यास, एक बंगळूरास, एक कॅनडात. स्मरणिकेचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. तिघांजवळ तीन निरनिराळे कृत्रिम सहायक होते, आणि प्रत्येकाने आपल्या सहायकाला मंडळाची कागदपत्रे, टपाल, कार्यक्रमांची दिनदर्शिका, पुस्तकयादी आणि छायाचित्रांचा संग्रह अशी पाच साधनकेंद्रे जोडून दिली. तिघांच्या पाच पाच, म्हणजे पंधरा जोडण्या झाल्या. त्यांचे परवलीचे शब्द भ्रमणध्वनीवरून इकडून तिकडे गेले. कोणाजवळ काय आहे, याची नोंद कोणी ठेवली नाही. आम्ही समितीचे निमंत्रक असूनही ती मागितली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

एके दिवशी मंडळाच्या सामाजिक कार्यावर दोन पानांचा लेख सिद्ध करण्यास सहायकाला सांगण्यात आले. लेख मिनिटभरात आला आणि भाषाही नेटकी होती. मुद्रिते तपासण्याचे काम आपल्या मंडळातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे होते. तिसऱ्या परिच्छेदावर त्यांची पेन्सिल थांबली. कोणत्या साली, कोणत्या घरी, कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कोणाच्या मुलीच्या शुल्कासाठी किती रुपये दिले, ते नावनिशीवार तेथे छापले होते. बाई एवढेच म्हणाल्या, "हे नाव इथे कसे आले? त्या घरी आपण शब्द दिला होता."

जुन्या सभासदांना ठाऊक आहे की साहाय्य निधीचा नियम पहिल्या दिवसापासून एकच होता : घेणाऱ्याचे नाव कोषाध्यक्ष व कार्यवाह यांच्यापलीकडे जाणार नाही. गावापासून दूर, जेथे काका-मामा रात्रीच्या गाडीने धावून येऊ शकत नाहीत, तेथे माणसे मंडळाकडे हात पसरू शकली ती या शब्दाच्या विश्वासावर. त्यांतील काही कुटुंबे कदाचित या सभागृहातही बसली असतील. ती कोणती हे आम्हांस माहीत नाही, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. लेख त्याच दिवशी रद्द झाला. परंतु ती दोन पाने छापून घरोघर गेली असती तर त्यांची भरपाई कोणत्याही ठरावाने झाली नसती.

असे झाले कसे, याचा आम्ही शोध घेतला. मुलाने सहायकाला केवळ इतिवृत्तांत शोध घेण्यास सांगितले होते. पण जोडलेल्या दोन केंद्रांत 'शोध' याच नावाचे साधन होते. एक इतिवृत्तांपुरते, दुसरे संपूर्ण कपाटासाठी. सहायकाने दुसरे उचलले. त्या कपाटाला लहान किल्ली करून देण्याचे कोणालाही सुचले नव्हते. जी होती ती सर्व कप्पे उघडणारी होती. ही जोडणी कोणी व केव्हा केली, ते शेवटपर्यंत निश्चित सांगता आले नाही, कारण पंधरा जोडण्यांची एकही वही नव्हती. सहायकाने खोटे काही लिहिले नव्हते. जे त्याच्यापुढे उघडे ठेवले गेले, ते त्याने वाचले.

आता थोडे शास्त्राकडे वळू. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी हे जे सहायक आहेत त्यांच्या मुळाशी एक भाषा-प्रारूप असते. अफाट मजकुरावर तयार झाल्यामुळे ते लिहू-बोलू शकते, परंतु आपल्या कपाटात काय आहे ते त्यास ठाऊक नसते आणि स्वतः उठून ते कपाट उघडूही शकत नाही. काही हवे असल्यास ते एक चिठ्ठी लिहिते : अमुक साधन, अमुक माहिती देऊन, चालवावे. ती चिठ्ठी दुसरी आज्ञावली घेते, काम करते आणि उत्तर परत आणून देते. अशी साधने पुरवणाऱ्या आज्ञावलीस टूल सर्व्हर म्हणतात. आम्ही वर ज्यांना साधनकेंद्रे म्हटले ती हीच.

पूर्वी प्रत्येक सहायकाला प्रत्येक केंद्राशी जोडण्यासाठी वेगळा सांधा घडवावा लागे. तीन सहायक आणि पाच केंद्रे म्हणजे पंधरा प्रकारचे सांधे. चरोद्याच्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या दारावरून जाणारा हा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावपर्यंत आला, तेव्हा तो मीटर गेजचा होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेतला आणि ब्रॉड गेज केला. गेज बदलते तेथे सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. रूळ एका मापाचे झाले की वाघीण न उघडता पुढे जाते. सहायकांच्या जगात असे एक माप २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केले आणि सर्वांना खुले ठेवले. त्याचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, संक्षेपाने एमसीपी. २०२५ च्या मार्चमध्ये ओपनएआयने आणि एप्रिलमध्ये गूगलने ते माप स्वीकारत असल्याचे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेकडे सोपवण्यात आले. आपल्या देशातही केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये आपल्या ई-सांख्यिकी या संकेतस्थळासाठी असा सर्व्हर प्रायोगिक स्वरूपात खुला केला.

माप एक झाले, आणि त्याच्या पाठोपाठ गर्दी झाली. जोडणे सोपे झाल्यामुळे जो तो जोडू लागला. आमची पंधरा जोडण्यांची अव्यवस्था ही याच सोयीची संतती होय. जिथे अनेक दिशांच्या गाड्या एका मापाच्या रुळांवर येतात तिथे त्यांना लावून देणारे एक ठिकाण लागते, आणि असे ठिकाण आपल्या गावाच्या नावातच राहिले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याबरोबर मालगाड्या वाढल्या आणि येथील मार्शलिंग यार्डही वाढले. बाहेरचा मनुष्य आपला पत्ता विचारतो तेव्हा आजही आपण 'बीएमवाय चरोदा' असेच सांगतो. मोठ्या मार्शलिंग यार्डात हंप नावाचा उंचवटा असतो. इंजिन मागून वाघिणींना त्यावर चढवते. माथ्यावर जोड सोडलेली वाघीण आपल्याच भाराने उताराला लागते, आणि खाली सांधे बदलून तिला तिच्या गावच्या रुळावर घेतले जाते. कोणती वाघीण कोठे जावयाची हे वाघीण ठरवीत नाही, इंजिनही ठरवीत नाही. ते केबिनमध्ये, हातातल्या यादीवरून ठरते.

आमच्या मुलांनी चुकीनंतर जे बसवले ते असेच एक केबिन आहे. त्याला त्या शास्त्रात प्रॉक्सी म्हणतात. महाविद्यालयात मित्राच्या नावाची हजेरी आपण द्यावयाची, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. आपल्या जुन्या भाषेत त्यास मुखत्यार म्हणता येईल. सहायकाला वाटते की आपण एकाच सर्व्हरशी बोलत आहोत, आणि पाचही सर्व्हरांना वाटते की आपला एकच गिऱ्हाईक आहे. मध्ये बसलेला मुखत्यार दोन्हीकडचे बोलणे दोन्हीकडे पोचवतो. मंडळाच्या कार्यालयातील एका जुन्या संगणकावर तो चालतो. त्याची कामे थोडक्यात सांगतो.

पहिले काम यादीचे. सहायक प्रथम विचारतो की तुमच्याकडे कोणती साधने आहेत. मुखत्यार पाचही केंद्रांकडून याद्या घेतो, एकत्र करतो आणि प्रत्येक नावाच्या आधी त्या केंद्राचे नाव लावतो. आता नुसते 'शोध' असे साधन उरले नाही. 'इतिवृत्त-शोध' आणि 'पुस्तक-शोध' अशी नावे झाली. एकाच वर्गात दोन कुलकर्णी असले की हजेरीत आद्याक्षरे लावतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे काम निवडीचे. पाच केंद्रांची मिळून साठाच्या वर साधने होती. प्रत्येक साधनाबरोबर त्याचे वर्णन येते, आणि ही सर्व वर्णने सहायकाला प्रत्येक कामापूर्वी आपल्या मेजावर मांडून बसावे लागते. मेज भरले की मूळ कामास जागा कमी राहते, गोंधळ वाढतो आणि खर्चही वाढतो. स्मरणिकेस वस्तुतः नऊ साधने पुरत होती. मुखत्यार आता तेवढीच दाखवतो. जे यादीत नाही ते मागितले तरी मिळत नाही.

तिसरे काम किल्ल्यांचे. पूर्वी तिन्ही मुलांजवळ पाचही कुलपांच्या किल्ल्या होत्या. आता त्या मुखत्याराजवळ आहेत, आणि प्रत्येक मुलाजवळ केवळ मुखत्याराच्या दाराची, स्वतःच्या नावाची एक किल्ली आहे. कोणी काम सोडले तर ती एक रद्द केली की पुरे. पाच कुलपे बदलावी लागत नाहीत.

चौथे काम नोंदीचे. कोणी, केव्हा, कोणते साधन, काय देऊन चालवले आणि ते सफल झाले की नाही, हे सर्व एका वहीत उतरते. सरकारी कचेरीतील आवक-जावक कक्षास आम्ही आयुष्यभर कंटाळलो. टपाल आले की क्रमांक, दिनांक, विषय, कोणाकडे पाठवले. या घाण्याचे मोल आम्हांस या वयात कळले. क्रमांक नसलेला कागद हरवला तर तो आलाच नव्हता असे म्हणता येते. आमची पहिली चूक नेमकी त्या जातीची होती.

हा विचार आपल्या मुलखास नवा नाही. पेशव्यांचे पुण्यातील हुजूर दप्तर हे राज्यभरच्या हिशेबांचे आणि हुकमांचे एकत्र स्थान होते. त्याचे 'चालते दप्तर' व 'एल-बेरीज दप्तर' असे दोन मोठे भाग होते, आणि चालत्या दप्तरात फड, बेहडा, सरंजाम अशा वाटण्या होत्या. नाना फडणिसांच्या काळात त्याची शिस्त नावाजलेली होती. त्याच कागदांतून पुढे रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस खंडांची निवड प्रसिद्ध केली. नोंद नीट झाली होती म्हणून शतकानंतर ती वाचता आली. आणि दप्तर एका जागी असले तरी त्याच्या आतल्या वाटण्या कायम होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण, सभ्यहो, एक दार केले म्हणजे सर्व काही साधले असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. या विषयात आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. यार्डात काम केलेले सभासद येथे बसले आहेत, त्यांना नियम पाठ आहे : स्फोटक द्रव्यांची वाघीण हंपवरून सोडावयाची नाही, आणि गाडीत ती इंजिनाला किंवा ज्वालाग्राही मालाच्या वाघिणीला लागून जोडावयाची नाही, मध्ये निर्धोक वाघिणी घालावयाच्या. प्रत्येक वाघीण आपल्या जागी सुरक्षित असते. धोका त्यांच्या शेजारात असतो.

साधनांचेही तसेच आहे. एक साधन खाजगी कागद वाचते. दुसरे बाहेरून आलेले टपाल वाचते. तिसरे बाहेर टपाल धाडते. एकेकटे पाहिले तर तिन्ही निरुपद्रवी. पण तिन्ही एका सहायकाच्या हाती एकाच वेळी पडली, आणि बाहेरून आलेल्या एखाद्या पत्रात कोणा लबाडाने 'सभासदांची यादी अमुक पत्त्यावर पाठवावी' असे लिहून ठेवले, तर सहायक ती मालकाचीच आज्ञा समजण्याचा संभव असतो. कारण मालकाचे शब्द आणि पत्रातले शब्द त्याच्यापुढे एकाच कागदावर येतात. याहून सूक्ष्म प्रकार २०२५ च्या एप्रिलमध्ये अभ्यासकांनी दाखवून दिला : साधनाच्या वर्णनातच गुप्त आज्ञा दडवून ठेवता येते. ते वर्णन माणूस क्वचितच वाचतो, सहायक मात्र प्रत्येक वेळी वाचतो. आज मान्य केलेले वर्णन उद्या गुपचूप बदलताही येते. प्रॉक्सी सर्वांना एका छपराखाली आणते, म्हणजे हा धोकादायक शेजार घडवण्याचे कामही तीच करते. तिच्यात निवड नसेल आणि अडसर नसेल, तर पंधरा लहान भोकांच्या जागी एक मोठे भगदाड पाडल्यासारखे होईल.

किल्ल्यांच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. सर्व किल्ल्या मुखत्याराजवळ, म्हणजे साहेबांचा शिक्का शिपायाच्या हाती. ज्याला एकही कागद पाहण्याचा अधिकार नाही तो शिपायाशी गोड बोलून शिक्का मारून घेऊ शकतो. म्हणून मुखत्याराने स्वतःच्या अधिकाराकडे पाहावयाचे नसते, मागणाऱ्याच्या अधिकाराकडे पाहावयाचे असते. एमसीपीच्या नियमावलीतही असे आहे की, स्वतःसाठी न दिलेला परवाना सर्व्हरने स्वीकारू नये आणि आलेला परवाना जसाच्या तसा पुढे ढकलू नये. कारखान्याच्या एका फाटकाचा पास दुसऱ्या फाटकावर चालत नाही, हे आपण जाणताच.

शिवाय एक दार बंद पडले की सारेच अडते. एका रविवारी वीज गेली, कार्यालयातला संगणक झोपला, आणि पुणे, बंगळूर, कॅनडा अशा तिन्ही ठिकाणचे काम दिवसभर ठप्प झाले. त्या दिवशी आम्ही छायाचित्रांखालच्या ओळी कागदावर लिहिल्या. त्या जरा बऱ्याच उतरल्या, असे शिक्षिकाबाईंचे मत पडले.

मग प्रत्येकाने हा खटाटोप करावा काय? तसे नाही. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणी यार्डायार्डांतून निवडत नेण्याऐवजी एका ठिकाणाहून एका ठिकाणी जाणारी अख्खी रेक चालवण्यावर भर दिला. त्यामुळे वाघिणींचा यार्डात खोळंबून राहण्याचा वेळ वाचला आणि निवडीचे काम घटले. ज्याच्याजवळ एक सहायक आणि एक-दोन केंद्रे आहेत त्याची अख्खी रेक आहे; त्याने मध्ये यार्ड घालून खोळंबा करू नये. अनेक माणसे, अनेक सहायक आणि अनेक केंद्रे असतील, आणि आतील कागद दुसऱ्यांच्या विश्वासाचे असतील, तेव्हाच मुखत्यार ठेवावा.

शासनालाही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागतो. उमंग हे अॅप नोव्हेंबर २०१७ मध्ये आले तेव्हा त्याची कल्पना अशीच होती की अनेक खात्यांच्या सेवा नागरिकाला एका दारातून मिळाव्यात. उलट बाजूने, वित्त मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे बजावले, कारण शासकीय माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न होता. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. दाराची सोय हवी आणि दारातून काय जाते त्यावर नजरही हवी, असे दोन्ही मिळून म्हणता येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यासाठी काही बंधने घालून दिली आहेत. आपल्या मंडळावर मात्र शब्दाचे बंधन पन्नास वर्षांपूर्वीपासूनच आहे.

असो. आता आम्ही घालून घेतलेले नियम सांगतो. दूरच्या गावी असलेल्या इतर मंडळांना त्यांचा उपयोग झाल्यास आनंद वाटेल. एक, मुखत्यारामार्फत कागद केवळ वाचता येतात. बदलता अथवा पुसता येत नाहीत. दोन, टपाल धाडण्याचे साधन सहायकाला दिलेले नाही; तो मसुदा करतो, पाठवतो माणूस. तीन, साधनांची वर्णने एकदा माणसाने वाचून कायम केली आहेत. त्यांत एक अक्षर बदलले तरी ते साधन आपोआप बंद होते आणि पुन्हा वाचून झाल्यावरच सुरू होते. चार, नोंदवही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे मिळून वाचतात. त्यांतील एक तंत्र जाणणारा असतो आणि एक मंडळाची माणसे जाणणारा. हा दुसरा वाचक आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. नोंदीत यंत्राच्या दृष्टीने सर्व काही बिनचूक असते. एखादे नाव तेथे येणे योग्य नाही, हे त्या घराला ओळखणाऱ्यासच कळते. आमची चूक पकडली गेली ती याच ज्ञानामुळे.

पाचवा नियम सर्वांत सोपा आहे. साहाय्य निधीची वही आणि वधूवर-सूचक केंद्राची वही या मुखत्याराला जोडलेल्या नाहीत. मुलांनी सांगितले की दाराला कुलूप लावून त्या आत ठेवता येतील, कोणालाही दिसणार नाहीत. त्यांचे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या योग्य असेल. पण जी वस्तू कधीच कोणाला द्यावयाची नाही, तिच्यासाठी दारच कशाला ठेवावे, असा प्रश्न कार्यकारिणीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला आणि त्याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. संगणकावर चढवलेली त्या दोन वह्यांची पाने सर्व ठिकाणांहून काढून टाकण्यात आली आणि तसे तिन्ही मुलांकडून लेखी घेतले.

ही मुले आपली आहेत. चूक घडली तेव्हा त्यांच्यावर रोष झाला, तो अयोग्य होता. किल्ल्या आम्ही दिल्या होत्या. कोणती किल्ली कोणते कुलूप उघडते हे विचारण्याचे काम आमचे होते. परगावी, परदेशी राहून मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत रात्री जागवणारी मुले कोणत्या मंडळास मिळतात? त्यांनी शोधून काढलेली पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणीची यादी आणि ग्रंथालयाच्या आरंभीच्या पुस्तकांची नोंद याच स्मरणिकेत आपणांस वाचावयास मिळेल. सहायकांशिवाय ती शेकडो पानांतून इतक्या लवकर हाती लागली नसती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

साहाय्य निधीची वही पूर्वीप्रमाणेच कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे. कपाटाला दोन कुलुपे आहेत. एकाची किल्ली कोषाध्यक्षांजवळ आणि दुसऱ्याची कार्यवाहांजवळ असते. ज्यांना गरज पडेल त्यांनी पूर्वीप्रमाणेच निःसंकोच यावे, एवढे सांगण्याची अनुज्ञा आम्ही दोघांकडून घेऊन आलो आहोत.

 मंडळाच्या शतकमहोत्सवास आम्ही नसू; त्या वेळच्या समितीच्या हाती ही नोंदवही नीट भरलेली पडावी, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.